‘सोड खुराड्यात’ म्हणणाऱ्यांना

आठवडी बाजारातून नवी कोंबडी घरी आली की तिचं काय करायचं, याचं उत्तर आपल्याकडे दोन शब्दांत मिळतं: ‘सोड खुराड्यात.’ विचारणारी बहुतेक वेळा बाई असते आणि उत्तर देणारा पुरुष. त्याच्या मते यात विचार करण्यासारखं काही नसतंच. कोंबडी गावठी आहे, काटक आहे. रोगराई व्हायची ती फार्मवरच्या पांढऱ्या कोंबड्यांना. जुन्या कोंबड्या चार दिवस चोची मारतील आणि मग गप्प बसतील. रात्री अंधारात सोडली तर सकाळी त्यांच्या लक्षातसुद्धा येणार नाही. आजी-पणजीपासून हे असंच चालत आलंय. आणि एवढं करून मेलीच, तर चार-पाचशे रुपयांची कोंबडी, तिचं काय एवढं?

हे मत फक्त खेड्यातलं नाही. निवृत्तीनंतर शेतावर राहायला गेलेले, बंगल्यामागे हौसेनं चार कडकनाथ पाळणारे, शाळेतल्या मुलांना ताजी अंडी मिळावीत म्हणून परसात जाळी ठोकणारे, सगळे हेच ऐकतात आणि पुढच्याला हेच सांगतात. ते इतक्या सहजपणे सांगितलं जातं की त्याला कुणी विरोध करायचा असतो, हेच विसरलं गेलंय. मला तो करायचा आहे. परसातल्या कोंबड्यांसाठी नवी कोंबडी घरात येण्याचा दिवस वर्षातला सगळ्यांत धोक्याचा दिवस असतो. मुंगूस एखादी कोंबडी नेतं, घार एखादं पिल्लू उचलते. नवी कोंबडी अख्खं खुराडं रिकामं करू शकते.

आधी त्या काटकपणाचं बघू. गावठी कोंबडी काटक असते यात वाद नाही, पण कशात? उकिरडा उकरून स्वतःचं पोट भरण्यात, ऊन सोसण्यात, घारीची सावली दिसताच पिल्लांना पंखाखाली घेण्यात, खुडूक बसून एकवीस दिवस अंडी उबवण्यात. या गुणांचा आणि विषाणूचा संबंध काय? राणीखेत, ज्याला आपण मानमोडी म्हणतो, तो रोग कोंबडीची जात विचारत नाही. विषाणू जोरकस असला आणि लस दिलेली नसली, तर जवळजवळ सगळा कळप जातो. आधी कोंबडी खात नाही, पंख पाडून कोपऱ्यात बसते. मग हिरवट पातळ विष्ठा, श्वासाला घरघर, आणि जी दोन दिवस तग धरते तिची मान पिळवटून मागे वळते. समोर दाणे असतात, ती चोच मारते आणि चोच दाण्यावर पडतच नाही. हे ज्यानं जवळून पाहिलंय तो ‘गावठी काटक असते’ हे वाक्य पुन्हा उच्चारणार नाही.

आणि या रोगाची लक्षणं दिसायला दोनपासून पंधरा दिवस लागू शकतात. म्हणजे बाजारात जी कोंबडी टवटवीत डोळ्यांनी तुमच्याकडे बघत होती, तिच्यात रोग असेलही आणि तुम्हाला दिसणार नाही. इतकंच नाही, लक्षणं दिसण्याच्या आधीच ती विषाणू बाहेर टाकायला लागलेली असते. विष्ठेतून, चोचीतून, पाण्याच्या भांड्यातून. ‘चांगली निरखून आणलीय’ या सांगण्याला मग काय अर्थ उरतो?

त्यातून बाजाराची एक गोष्ट सगळ्यांना माहीत असते आणि कुणी बोलत नाही. वस्तीत मर सुरू झाली की माणसं काय करतात? दोन कोंबड्या मेल्या की उरलेल्या, अजून उभ्या असलेल्या, पाटीत घालून बाजाराला नेतात. मरण्यापेक्षा चार पैसे मिळालेले बरे. गरिबाच्या घरातला हा हिशेब आहे आणि त्यासाठी मी कुणाला गुन्हेगार ठरवणार नाही. पण त्या पाटीतली कोंबडी जो विकत घेतो, त्यानं तरी काही विचार करायला हवा की नको? नेहमीपेक्षा शंभर रुपये स्वस्त मिळाली म्हणून खूश होऊन, पाय सुतळीनं बांधून, मोटारसायकलच्या हँडलला उलटी टांगून तो तिला घरी आणतो. तासभर डोकं खाली, चोच उघडी, तुरा काळपट पडलेला. घरी येताच सुतळी सोडतो आणि तिला सरळ बाकीच्यांच्या पाण्यावर नेऊन सोडतो. तहानलेली असते, ती आधी पाण्यातच चोच घालते. त्याच भांड्यात संध्याकाळी सगळ्या कोंबड्या पिणार असतात.

मानमोडी हे सगळ्यांत मोठं नाव. ते एकटं नाही. सर्दी-घरघर होऊन बरी झालेली कोंबडी पुढे कित्येक महिने, कधी जन्मभर, तो जंतू बाळगून असते. प्रवासाचा आणि नव्या जागेचा ताण पडला की तो पुन्हा उसळतो, आणि तो ताण नेमका तुमच्या अंगणात पडतो. मरेक या रोगाचा विषाणू पिसांच्या कोंड्यातून उडतो आणि खुराड्यातल्या धुळीत महिनोन्‌महिने टिकतो. रक्ती हगवणीचे जंतू विष्ठेतून पडतात आणि ओलसर, उबदार जमिनीवर दोन दिवसांत पुढच्या कोंबडीला लागायला तयार होतात. मोठी कोंबडी ते पचवते, तिच्या आसपास फिरणारी पिल्लं मरतात, आणि पिल्लं का मेली हे कुणाला कळत नाही. लाकडाच्या फटीत दिवसा लपून रात्री कोंबडीचं रक्त पिणारे बारीक किडे एकदा खुराड्यात शिरले, की खुराडं जाळल्याशिवाय जात नाहीत असं बायका सांगतात, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नाही. हे किडे उपाशी राहून कित्येक महिने जगतात.

इथे कुणी म्हणेल, आम्ही पाळायला आणतच नाही, खायला आणतो. हे तर आणखी वाईट. रविवारी कापायची कोंबडी गुरुवारच्या बाजारातून येते आणि ‘दोनच दिवसांचा प्रश्न’ म्हणून खुराड्यात जाते. जत्रेला, आखाडात, पाहुणे यायचे असले की हेच. दोन दिवस विषाणूला पुरेसे असतात. मग ती कापली जाते, पिसं आणि आतडी उकिरड्यावर पडतात आणि घरच्या कोंबड्या तिथेच जाऊन ती टोचतात. कापायची कोंबडी डालग्याखाली, ओसरीच्या दुसऱ्या टोकाला ठेवायला काय अडचण होती? पिसं आणि आतडी खड्ड्यात पुरायला किती वेळ लागतो?

बर्ड फ्लूचं नाव मी मुद्दाम उशिरा घेतोय, कारण त्याच्या नावानं लोक घाबरतात आणि घाबरून चिकन खायचं सोडतात, सवय मात्र बदलत नाहीत. देशातला त्याचा पहिला उद्रेक २००६च्या फेब्रुवारीत आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला झाला. २०२१च्या जानेवारीत तो परभणी जिल्ह्यात मुरुंब्याला निघाला. रोगाची खात्री झाली की ठरावीक त्रिज्येतले सगळे पक्षी मारले जातात. फार्मचा आणि परसातला असा भेद तिथे होत नाही. तेव्हा ‘आमच्या चार कोंबड्यांनी कुणाचं काय बिघडतं’ असं म्हणायची सोय कुणालाच नाही. चार कोंबड्यांचं खुराडं हा गावाच्या कोंबड्यांचाच भाग असतो.

आता विकणाऱ्याचं ठरलेलं वाक्य: ‘लस झालीय.’ कोणती लस, कधी दिली, पुढची कधी? मानमोडीची लासोटा लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंब घालून देतात, चौथ्या आठवड्याच्या आसपास ती पुन्हा द्यावी लागते, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी टोचतात. एकदा लासोटा दिलेलं पिल्लूही ‘लस झालेलं’ आणि तिन्ही वेळा दिलेली तलंगही ‘लस झालेली’. या दोघांत किती अंतर आहे! शिवाय लस कोंबडीला आजारापासून वाचवते, विषाणू पोटात बाळगण्यापासून वाचवतेच असं नाही. लस झालेली, ठणठणीत दिसणारी कोंबडी तुमच्या लस न झालेल्या कोंबड्यांसाठी घातक ठरू शकते. ‘लस झालीय’ हे ऐकून निर्धास्त होणाऱ्यांनी आधी आपल्या खुराड्याला लस दिलीय का, याचं उत्तर द्यावं.

रोगाचं बोलून झालं. आता त्या रात्रीच्या युक्तीकडे वळतो, कारण तिच्यावर लोकांची फार श्रद्धा आहे. अंधार पडला की नवीला हळूच दांडीवर जुन्यांच्या मध्ये बसवायचं, सकाळी त्या तिला आपलीच समजतात, असं सांगतात. मला वाटतं ही युक्ती मुळात पिल्लांची आहे. खुडूक कोंबडीच्या पोटाखाली रात्री एक-दोन दिवसांची पिल्लं सरकवली की सकाळी ती त्यांना पोटची म्हणून घेते, हे खरं आहे आणि फार सुंदर आहे. पण ती आई असते आणि ती पिल्लं असतात. वाढलेल्या कोंबड्यांना अंधारात नीट दिसत नाही म्हणून त्या रात्री गप्प बसतात, एवढाच या युक्तीचा अर्थ. उजाडल्यावर काय होतं?

उजाडल्यावर कोंबड्या एकमेकींना ओळखतात. चेहऱ्यानं, तुऱ्यानं, डोक्याच्या ठेवणीनं ओळखतात. थोरलीफ शेल्डरुप-एबे या नॉर्वेच्या प्राणिशास्त्रज्ञानं लहानपणापासून घरच्या कोंबड्या बघितल्या आणि १९२०च्या सुमारास जगाला दाखवून दिलं की प्रत्येक कळपात कोण कुणाला टोचणार आणि कोण कुणापुढे मान खाली घालणार, हे ठरलेलं असतं. दाण्यावर आधी कोण, दांडीवर वरच्या जागी कोण, अंडं घालायच्या टोपलीत आधी कोण, हे सगळं. ही उतरंड प्रत्येक कोंबडी दुसरीला ओळखते म्हणूनच टिकते. तिच्यात अनोळखी कोंबडी आली की सगळ्यांची जागा नव्यानं ठरवावी लागते, आणि ती चोचीनं ठरते. त्या काही आपलेपणा विसरलेल्या दुष्ट कोंबड्या नसतात. आपणच त्यांच्या घरात, बंद दाराआड, एक परकी आणून ठेवलेली असते आणि तिला पळायला जागा ठेवलेली नसते.

सकाळी खुराड्याचं दार उघडायला उशीर झाला तर आत काय चालतं, ते ‘चार दिवस टोचतील’ म्हणणाऱ्यांनी एकदा वाकून बघावं. वरचढ कोंबडी मानेची पिसं फुलवते, मान लांब करते आणि सरळ नवीच्या तुऱ्यावर येते. नवी कोपऱ्यात डोकं खुपसून, पाठ बाहेर करून बसते. तिला वाटतं डोकं लपलं की झालं. मग टोचणं पाठीवर, शेपटीखाली सुरू होतं. पिसं उपटली जातात, कातडी दिसते, रक्ताचा एक थेंब येतो. तो लाल ठिपका दिसला की आत्तापर्यंत बघत बसलेल्याही टोचायला लागतात. इथून पुढे भांडण उरत नाही, त्या तिला खायला लागतात. वेळेत वेगळी काढून जखमेवर जांभळं औषध लावलं तर ती वाचते, आणि रक्ताचा लाल रंग झाकला जातो म्हणून पुन्हा टोचणंही कमी होतं. पण वेळेत काढणार कोण? तोंडानं ‘चालायचंच’ म्हणणारा तेव्हा चहा पीत असतो.

आणि समजा रक्त निघालंच नाही. सगळं शांत दिसतंय. संध्याकाळी नवीला हातात घ्या आणि गळ्याखालची दाण्याची पिशवी चाचपून बघा. जुन्यांची टणक भरलेली असेल, हिची रिकामी, लोंबती. दिवसभर तिला दाण्याजवळ येऊ दिलेलं नसतं. पाण्याजवळही नाही. अशी कोंबडी टोचून मरत नाही, उपाशी मरते, आणि आपण म्हणतो, ‘बाजारातलीच खराब होती.’ जी जगते ती कित्येक दिवस अंडं घालत नाही. जुन्यांचीही अंडी कमी होतात. मग कळपात टाकायची घाई करून मिळवलं काय?

हे सगळं टाळता येतं आणि त्याला पैसा लागत नाही. ‘आमच्याकडे कुठली एवढी जागा’ हे मी मान्य करत नाही. एक डालगं किंवा बांबूचा जुना खुराडा घराच्या दुसऱ्या बाजूला, जुन्या कोंबड्यांपासून जमेल तितका लांब ठेवला की झालं. नव्या कोंबडीला तिथे महिनाभर ठेवायचं. तिचं भांडं वेगळं. रोज आधी जुन्यांचं दाणापाणी करायचं, मग नवीचं, आणि नंतर हातपाय धुवायचे. नवीकडे जाताना वेगळी चप्पल घालता आली तर उत्तम. पहिल्याच दिवशी पंखाखाली आणि शेपटीखाली पिसं वर करून उवा बघायच्या. लोळायला चुलीची राख द्यायची. विष्ठा रोज बघायची, नाकाडोळ्यांतून पाणी येतंय का बघायचं. याच महिन्यात पशुवैद्यकाला विचारून जंताचं औषध आणि राहिलेली लस.

महिना झाला की मध्ये जाळी ठेवून आठ-दहा दिवस शेजारी ठेवायचं. एकमेकींना बघू देत, जाळीतून टोचता येणार नाही. मग दुपारच्या वेळी, उघड्या परसात, दोन ठिकाणी दाणे आणि दोन ठिकाणी पाणी ठेवून एकत्र सोडायचं. एखादा ओंडका, उपडी पाटी, तिला आड व्हायला काहीतरी हवं. एकटी कोंबडी कधी आणू नये. दोन-तीन आणल्या तर मार वाटला जातो. आणि वाढीला लागलेली तलंग भरल्या अंगाच्या कोंबड्यांत सोडू नये, अंगाने बरोबरीची होऊ द्यावी. थोडीफार टोचाटोची तरीही होईल. रक्त दिसेपर्यंत मध्ये पडायचं नाही, रक्त दिसलं की लगेच काढायचं. यात अवघड काय आहे?

राहिली आजी. आजीचं नाव घेऊन निष्काळजीपणा खपवणं मला सगळ्यांत जास्त लागतं. आजीच्या खुराड्यात बाहेरची कोंबडी किती वेळा यायची? ती स्वतःच्या कोंबडीखाली स्वतःची अंडी ठेवायची. फार तर भावकीतून वाट्यानं एखादी पिल्लांची कोंबडी घ्यायची, आणि ती कुठल्या घरातली, तिथे मर आली होती का, हे तिला ठाऊक असायचं. आज कोंबड्या तीन जिल्हे ओलांडून टेम्पोनं येतात. एकाच पिंजऱ्यात पाच ठिकाणच्या असतात. आणि आजीच्या काळात सगळं सुरळीत होतं हेही खोटं आहे. ‘त्या वर्षी सगळ्या कोंबड्या गेल्या’ हे वाक्य कुठल्या म्हातारीच्या तोंडून ऐकलेलं नाही? तिला उपाय माहीत नव्हता. आपल्याला माहीत आहे, तरी आपण करत नाही, आणि वर तिचं नाव घेतो.

शेवटी ‘चार-पाचशे रुपयांची कोंबडी’. ही कोणाची कोंबडी आहे? बैल घ्यायचा असला की पुरुष दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो, खोड विचारतो. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत गुरांचे बाजार बंद झाले आणि नवं जनावर गोठ्यात घेताना प्रत्येकाला विचार सुचला. आजारी जनावर वेगळं बांधावं, हे कुणाला शिकवावं लागलं नाही. मग हीच अक्कल कोंबडीच्या वेळी कुठे जाते? कोंबडी ही घरातल्या बाईची मिळकत आहे म्हणून तर ती क्षुल्लक ठरत नाही ना? अंड्यांचे पैसे तिच्या हातात पडतात. त्यातून वही येते, गोळ्या-औषध येतं, माहेरी जायचं एस्टीचं भाडं येतं. कुणापुढे हात पसरावा न लागता खर्च करता येतील असे कित्येक घरांत तेवढेच पैसे असतात. दहा कोंबड्यांचं खुराडं एका आठवड्यात रिकामं झालं की ते पैसे बंद होतात, आणि पुन्हा तेवढ्या कोंबड्या व्हायला वर्ष जातं. नुकसान तिचं आणि ‘त्यात काय एवढं’ म्हणणारा दुसराच.

सरकारी यंत्रणेलाही यातून सोडता येणार नाही. पशुसंवर्धन विभागाच्या योजनेत २५ तलंगा आणि ३ नर असा गट ५० टक्के अनुदानावर मिळतो. चांगली योजना आहे. पण ज्या घरात तो गट जातो तिथे बहुधा आधीच्या पाच-सहा कोंबड्या असतातच. त्यांच्यात या अठ्ठावीस कशा मिसळायच्या, हे वाटपाच्या दिवशी तिथे उभं राहून कुणी सांगायला हवं. लसीच्या तारखा कागदावर लिहून हातात द्यायला हव्यात. आणि लसीची बाटली निदान शंभर मात्रांची येते, थंडच ठेवावी लागते, एकदा विरघळवली की थोड्या तासांत संपवावी लागते. सहा कोंबड्या पाळणारी बाई ती विकत घेऊन काय करणार? वस्तीनं एक दिवस ठरवावा, बाटली एक, कोंबड्या सगळ्यांच्या, हे दवाखान्याला आणि ग्रामपंचायतीला सहज जमण्यासारखं आहे. बचत गटाच्या बायकांनी मागणी लावून धरली तर नक्की जमेल.

तोपर्यंत घरातल्या घरात जे करायचं ते प्रत्येकीच्या हातात आहे. बाजारातून आणलेली कोंबडी, पाहुण्यांनी दिलेली, योजनेत मिळालेली, रविवारी कापायची, कुठलीही असो, ती आल्या दिवशी जुन्या खुराड्यात जाणार नाही. कापायची असेल ती कापेपर्यंत वेगळी, पाळायची असेल ती महिनाभर वेगळी, मग जाळीआड, मग परसात. घरातल्या कुणी ‘सोड खुराड्यात’ म्हटलं तर त्याला सांगा, खुराडं माझं आहे, आणि डालगं तेवढं घराच्या मागे नेऊन ठेव.